फर्स्ट बेसवरची टक्कर: वाट रनरची की फील्डरची?

प्रश्न असा आहे: मुलगी अमेरिकेत 12 वर्षांखालच्या गटात फर्स्ट बेसवर खेळते आणि लीग यूएसए सॉफ्टबॉल या संघटनेच्या नियमांनी चालते. एकाच सामन्यात दोन प्रसंग घडले. पहिल्यात थर्ड बेसकडून आलेला थ्रो घ्यायला तिने हात लांबवला आणि धावत येणारी बॅटर थेट त्या हातावर आदळली. चेंडू सुटला, रनर (म्हणजे ती धावणारी बॅटर) सेफ, पंचांनी कुणालाच काही दिलं नाही. दुसऱ्यात चेंडू राइट फील्डला गेला, मुलगी बेसजवळ उभी राहून बघत होती, रनर तिला वळसा घालून पुढे गेली, साधा धक्काही लागला नाही. पुढे ती रनर सेकंडवर टॅग झाली (अंगाला चेंडू लावून आउट), तरी पंचांनी तिला सेकंड बेस देऊन टाकला. टक्कर झाली तिथे काही नाही आणि टक्कर नाही तिथे शिक्षा, हे कसं?

आधी दुसरा प्रसंग घेऊ, कारण तिथलं गणित सोपं आहे. ऑब्स्ट्रक्शनसाठी, म्हणजे फील्डरने रनरची वाट अडवली असं ठरण्यासाठी, धक्का लागावाच लागतो असं नाही. फील्डरच्या हातात चेंडू नाही, बॅटने मारलेला चेंडू अडवायलाही ती जात नाहीये आणि तिच्यामुळे रनरला पाऊल आखडावं लागलं, वेग कमी करावा लागला किंवा वाट बदलावी लागली, की ऑब्स्ट्रक्शन झालं. मुद्दाम केलं की नकळत, हा प्रश्नच येत नाही. ‘मी तर नुसती उभी होते’ असं मुली रडवेल्या होऊन सांगतात, पण नुसतं उभं राहणं हाच इथे गुन्हा आहे.

फर्स्टला हे इतक्या वेळा का होतं? चेंडू आउटफील्डला गेला की बॅटर सरळ रेषेत धावत नाही. बेसच्या आधी काही पावलं ती फाउलच्या, म्हणजे रेषेबाहेरच्या, बाजूला फुगते, मग आत झुकून पांढऱ्या बेसच्या आतल्या कोपऱ्यावर पाय मारते आणि सेकंडकडे वळते. तो आतला कोपरा आणि त्याच्या पुढची तीन-चार फूट जागा तिची. फर्स्ट बेसवाली नेमकी तिथेच, मान मागे वळवून, चेंडू कुठे गेला ते बघत उभी असते. तिची जागा मैदानाच्या आत हवी, बेसपासून पिचरच्या दिशेने आठ-दहा फूट. तिथून दोन कामं साधतात. एक, रनरने बेसला पाय लावला की नाही ते दिसतं. नसेल लावला तर अपील करता येतं, म्हणजे पंचांकडे तशी दाद मागता येते. दोन, रनर पुढे गेल्यावर मागून बेसवर येऊन थ्रोसाठी तयार राहता येतं. हे शिकवायला दहा मिनिटं पुरतात, पण बहुतेक सरावांत आउटफील्डला चेंडू गेल्यावर फर्स्ट बेसवालीने काय करायचं, हे कुणी सांगतच नाही.

आता पंचांनी खेळ लगेच का थांबवला नाही? ऑब्स्ट्रक्शन दिसलं की पंच डावा हात खांद्याच्या रेषेत बाजूला सरळ धरतात, मूठ मिटलेली. याचा अर्थ, ‘मी पाहिलंय, खेळ चालू राहू दे.’ चेंडू जिवंतच असतो. अडवलेली रनर पुढे आउट झाली, की त्या क्षणी पंच डेड बॉल पुकारतात, म्हणजे खेळ थांबवतात, आणि अडथळा नसता तर ती जिथवर पोचली असती तो बेस तिला देतात. तो सेकंड असेल किंवा थर्डही असेल. पंचांच्या मते ती फर्स्टच्या पुढे जाऊच शकली नसती, तर तिला फर्स्टवर परत पाठवतील. पण ज्या दोन बेसच्या मध्ये तिला अडवलं, त्या दोन बेसच्या मध्ये ती आउट होत नाही. ‘तशीही ती सेकंडला आउटच झाली असती’ हा युक्तिवाद सॉफ्टबॉलमध्ये चालत नाही, आणि बेसबॉल बघून आलेले पालक नेमके इथेच वाद घालतात.

या संरक्षणालाही मर्यादा आहेत. रनर त्या दोन बेसच्या पलीकडे, पंचांनी मनात धरलेल्या बेसच्याही पुढे गेली, तर ती स्वतःच्या जोखमीवर. तिने बेस चुकवला आणि बचाव करणाऱ्या संघाने रीतसर अपील केलं, तिने पुढच्या रनरला मागे टाकलं किंवा स्वतः इंटरफिअरन्स केला, म्हणजे फील्डरच्या कामात अडथळा आणला, तर ती आउट. आणि तिने मारलेला उंच चेंडू झेलला गेला असेल, तर वाटेत तिला कुणी अडवलं होतं की नाही याला अर्थ उरत नाही, बॅटर आउट.

जुन्या प्रशिक्षकांच्या डोक्यात अजून एक वाक्य पक्कं बसलेलं असतं: ‘चेंडू येण्याच्या बेतात असेल तर बेस अडवता येतो.’ एके काळी नियमात तशी सवलत होती, ती कधीच काढून टाकली आहे. आता चेंडू ग्लोव्हमध्ये असला पाहिजे. कॅचरने फर्स्टवरच्या रनरला टिपण्यासाठी थ्रो केला आणि चेंडू यायच्या आधीच फर्स्ट बेसवालीने बेससमोर गुडघा टेकून वाट बंद केली, तर ते ऑब्स्ट्रक्शनच. चेंडू नसताना टॅगचा खोटा आव आणला आणि त्यामुळे रनरने वेग कमी केला किंवा स्लाइड मारली, तर तेही.

आता पहिला प्रसंग. इथे पंच बरोबर होते का, हे तुम्ही दिलेल्या माहितीवरून ठरत नाही. तीन शक्यता आहेत, आणि तिन्ही काही इंचांच्या नि क्षणार्धाच्या फरकाने बदलतात.

पहिली: चेंडू, रनर आणि फील्डर तिघे एकाच क्षणी एका जागी आले. थ्रो वाकडा आला, मुलगी चेंडूमागे सरकली, रनर आपल्या वाटेवर होती, आणि चेंडू ग्लोव्हला लागता लागता धडक झाली. यात कुणाचाच दोष नाही. पंचांना सूचनाच अशी आहे की अशा वेळी ऑब्स्ट्रक्शन, इंटरफिअरन्स किंवा टक्कर मारल्याचा नियम यांपैकी काहीही लावू नये. चेंडू सुटला म्हणून रनर सेफ, खेळ पुढे चालू. तुमच्या वर्णनावरून बहुधा हेच झालं असावं.

दुसरी: हात आधी आडवा आला, चेंडू नंतर. मग ते ऑब्स्ट्रक्शन. निकाल तोच, रनर सेफ. फक्त पंचांचा हात बाजूला गेलेला दिसला असता.

तिसरी मात्र तुमच्या मुलीच्या बाजूची आहे. त्यासाठी दुहेरी बेस नीट समजून घ्यायला हवा. फर्स्टला 15 इंच बाय 30 इंचांचा बेस असतो. अर्धा पांढरा, फाउल लाइनच्या आत. अर्धा नारिंगी, लाइनच्या बाहेर. पांढऱ्याला लागलेला चेंडू फेअर, फक्त नारिंगीला लागलेला फाउल. फर्स्टवर तिला आउट करायचा प्रयत्न चालू असेल, तर बॅटरने पहिल्या वेळी नारिंगीवर पाय द्यायचा आणि फील्डरने पांढऱ्यावर. रनरने फक्त पांढऱ्यावर पाय दिला आणि पांढऱ्यावर उभं राहून थ्रो घेणाऱ्या फील्डरवर ती आदळली, तर तो इंटरफिअरन्स: डेड बॉल, बॅटर आउट, बाकी रनर जिथे होत्या तिथे परत. टक्कर झाली नाही, नुसताच चुकीचा बेस लागला, तर ते बेस चुकवल्यासारखं धरतात आणि ती परत यायच्या आत अपील करावं लागतं. पंच आपणहून देणार नाहीत. नारिंगी बेस ओलांडून गेल्यावर परतताना मात्र रनरने पांढऱ्यावरच यायचं, आणि तिथून पुढे नारिंगी तिच्यासाठी नाहीच. चेंडू थेट आउटफील्डला गेलाय, फर्स्टवर काही घडत नाहीये, तर कुठल्याही रंगावर पाय दिला तरी चालतो.

आणि अपवाद. थ्रो फर्स्टच्या फाउल बाजूकडून येत असेल, उदाहरणार्थ तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून निसटून चेंडू त्या बाजूला गेला असेल, तर फील्डर आणि रनर दोघींनाही दोन्ही रंग मोकळे. भरकटलेल्या थ्रोमुळे फील्डर फाउलमध्ये ओढली गेली तरी तेच. इथेच मुली गोंधळतात. रनरला ‘नारिंगी, नारिंगी’ असं इतकं घोकवलेलं असतं की फील्डर समोर नारिंगीवर आलेली दिसत असूनही ती तिथेच घुसते. रनरला शिकवायचं ते असं: फील्डर बाहेर आली तर तू आत जा. फर्स्टच्या बेस कोचने तेवढं एक ओरडून सांगायचं. अशा वेळी रनर लाइनच्या आतून धावली आणि बाहेरून आलेला थ्रो तिला लागला, तरी मुद्दाम केलेलं नसेल तर ती आउट नाही.

एरवी मात्र धावपट्टी पाळायलाच हवी. होम ते फर्स्ट 60 फूट अंतर असतं. त्यातल्या शेवटच्या 30 फुटांना लाइनच्या बाहेर 3 फूट रुंदीची पट्टी आखलेली असते. बॅटर त्या पट्टीबाहेर धावली आणि त्यामुळे फर्स्टवर थ्रो घेणाऱ्या फील्डरला अडथळा झाला, तर बॅटर आउट. चेंडू तिला लागायलाच हवा असं नाही. पण पट्टीबाहेर धावणं हा काही स्वतंत्र गुन्हा नाही. थ्रो झालाच नाही, किंवा तो कुणालाच घेता न येण्याइतका उंच गेला, तर देण्यासारखं काही नसतं.

सगळ्यात जास्त टकरी बंटवर होतात, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हळूच जवळ टाकला जातो तेव्हा. फर्स्ट बेसवाली आणि पिचर दोघी चेंडूकडे झेपावतात, बेस रिकामा राहतो आणि तो सांभाळायला सेकंड बेसवाली धावत येते. तिला अंतर जास्त, वेळ कमी. ती पळता पळता कॅचरकडे बघते आणि थांबता न आल्यामुळे बेसवरून घसरत नारिंगीवर, म्हणजे थेट रनरच्या पुढ्यात जाते. उपाय पायांत आहे. बॅटरने बंटची बॅट पुढे काढली की सेकंड बेसवालीने निघायचं, चेंडू लागायची वाट बघायची नाही. शेवटच्या दोन-तीन पावलांत वेग तोडायचा. तोंड होमकडे, डावा पाय पांढऱ्या बेसच्या आतल्या कडेला टेकवलेला, बाकी सगळं अंग मैदानाच्या आत, ग्लोव्ह छातीसमोर. उजवा पाय बेसला लावला की अंग आपोआप बेसवरून पलीकडे झुकतं, आणि मग टक्कर ठरलेली. थ्रो बाहेरून येणार असेल तर कॅचरने ‘आउटसाइड’ म्हणून ओरडायचं. मग उलट, उजवा पाय नारिंगीच्या बाहेरच्या कडेला आणि अंग फाउलमध्ये. कॅचर ओरडली नाही तर आतच उभं राहायचं, असा एक नियम संघात ठरवून टाकावा.

याच बंटवर नियम पूर्ण उलटाही होतो. बॅटने मारलेला चेंडू उचलणाऱ्या फील्डरला वाटेचा पहिला हक्क. रनर पट्टीत असली तरी तिने बाजूने जायचं. यासाठी पट्टी सोडायला तिला मुभा आहे. चेंडू लाइनवर रेंगाळतोय, फर्स्ट बेसवाली वाकलीये आणि रनर तिच्यावर आदळली, तर रनर आउट. पण हा हक्क एकीलाच मिळतो. पिचर आणि फर्स्ट बेसवाली दोघी चेंडूमागे असतील, तर चेंडू कोण उचलणार होती ते पंच ठरवतात, आणि दुसरी रनरच्या वाटेत आली तर ते ऑब्स्ट्रक्शन होऊ शकतं. म्हणून ‘माझा!’ हा आवाज वेळेत हवा. जी उचलणार नाही तिने तिथेच न घुटमळता मैदानाच्या आत सरकायचं. हातातून चेंडू सुटला तर? तो एक पाऊल टाकून हात पोचेल एवढ्यात असेल तोवर फील्डरचा हक्क टिकतो. त्यापलीकडे गेला की हक्क संपला, आणि चेंडूमागे धावताना तिने रनरला अडवलं तर दोष तिचा.

आता हातात चेंडू असलेल्या फील्डरला टक्कर. फर्स्टला हे सहसा तेव्हा घडतं, जेव्हा पिचर किंवा फर्स्ट बेसवाली चेंडू घेऊन लाइनवर रनरला टॅग करायला उभी राहते. रनर उभ्याने तिच्या अंगावर गेली की आउट, चेंडू पडला तरी आउट. बाकी रनर त्या क्षणी शेवटचा लागलेल्या बेसवर परत. धडक दांडगाईने मारली असेल तर मैदानाबाहेर. ‘स्लाइड मारायलाच हवी होती’ असं बाकांवरून ओरडतात, पण तशी सक्ती नाही. ती बाजूने जाऊ शकते, मात्र टॅग चुकवायला तीन फुटांपेक्षा जास्त वळली तर आउट. किंवा थांबू शकते. आणि ऑब्स्ट्रक्शनचं संरक्षण म्हणजे अंगावर जायचा परवाना नाही. फील्डरकडे चेंडू नसतानाही रनरने मुद्दाम धडक मारली, तर पंच तिला सामन्यातून काढू शकतात. लिटल लीग या वेगळ्या संघटनेच्या नियमांत या वयोगटात आणखी एक गोष्ट आहे: पुढच्या बेसकडे जाताना डोकं पुढे करून स्लाइड मारली तर रनर आउट, मागच्या बेसवर परतताना मात्र चालते. फर्स्टला तर पळत ओलांडून जायची मुभा असताना स्लाइड मारण्यात वेळही जातो आणि बोटं, मनगट दुखावतात ते वेगळंच.

तुमच्या मुलीच्या हाताकडे परत येऊ, कारण नियम काहीही असो, हाड तिचं आहे. ती उजव्या हाताने फेकत असेल तर ग्लोव्ह डाव्या हातात. फर्स्टवरून थर्डकडे तोंड केलं की होम प्लेट डाव्या अंगाला येते. म्हणजे थ्रो होमच्या बाजूला भरकटला की तिचा ग्लोव्हचा हात कोपरातून सरळ ताणला जाऊन रनरच्या वाटेवर आडवा येतो. रनर पूर्ण वेगात असते, आणि कोपर उलट्या बाजूला वाकतं. फर्स्ट बेसवरची ही सगळ्यात वाईट दुखापत आहे आणि ती जवळजवळ पूर्णपणे टाळता येते.

चेंडू मारल्याबरोबर तिने बेसवर पोचायचं, तोंड थ्रो करणारीकडे, दोन्ही टाचा बेसच्या आतल्या कडेजवळ. थ्रो कुठे येतोय ते दिसेपर्यंत पाय पसरायचा नाही. लहान मुली आधीच लांब पाय टाकून बसतात. मग थ्रो वाकडा आला की पाय हलत नाहीत, फक्त हात जातो. थ्रो दिसल्यावर उजव्या पायाचा पुढचा भाग बेसच्या कडेला ठेवून डावा पाय चेंडूच्या दिशेने टाकायचा. पाय बेसच्या वर, मध्यावर कधीच नको; रनरचा स्पाइक घोट्यावर येतो. (12 वर्षांखाली धातूचे स्पाइक चालत नाहीत, पण प्लास्टिकचेही पुरेसे लागतात.) थ्रो होमच्या बाजूला येत असेल तर बेस सोडायचा, चेंडूकडे दोन पावलं जायचं, अंगासमोर झेलायचा, आणि रनर शेजारून जाताना टॅग लावायचा तर हात ताठ न ठेवता तिच्या गतीबरोबर मागे जाऊ द्यायचा. आणि थ्रो रनरच्या पलीकडेच जात असेल तर सोडून द्यायचा. एक बेस जाईल, गेला तर गेला. या वयात प्रशिक्षकाने हे मुलींना स्पष्ट शब्दांत सांगायला हवं, नाहीतर सुटलेल्या चेंडूसाठी बोलणी खायच्या भीतीने त्या हात घालतातच.

सराव साधा आहे. मऊ चेंडू घ्या, धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना कोन लावा. आधी रनर नको: दहा थ्रो सरळ, दहा होमच्या बाजूला, दहा फाउलकडे. प्रत्येक वेळी मुलीने ‘बेस’ किंवा ‘सोडला’ असं मोठ्याने म्हणायचं. मग रनर निम्म्या अंतरावरून, म्हणजे 30 फुटांवरून, अर्ध्या वेगाने सोडा. पूर्ण वेग सगळ्यात शेवटी. रनरलाही त्याच वेळी शिकवा: नजर नारिंगीच्या पुढच्या कडेवर, शेवटी उडी नाही, धावतच ओलांडायचं.

महाराष्ट्रातल्या शालेय सामन्यांत सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींसाठी एक जोड. मैदानावर एकच पांढरा बेस असेल तर नारिंगीचा आधार नसतो, त्यामुळे रनरने फाउल लाइनकडचा कोपरा आणि फील्डरने आतला कोपरा, हे दोन्ही बाजूंनी कटाक्षाने पाळावं लागतं. सरावात तरी शेजारी रंगीत पोतं किंवा रबरी तुकडा ठोकून दुसरा बेस करा, आणि धावपट्टी फक्कीने आखा. न आखलेली पट्टी मुलींना पाळता येत नाही. कडक मुरमाच्या मैदानावर बेस नीट ठोकलेला नसेल तर तो पायाखालून सरकतो, आणि रनर घसरून फील्डरच्या पायात जाते. सामन्याआधी बेसला लाथ मारून बघावं.

डोक्याला डोकं लागलं असेल तर निर्णय कुणाच्या बाजूने गेला ते नंतर. मुलगी भांबावलेली, मळमळणारी किंवा नेहमीपेक्षा हळू उत्तर देणारी वाटली, तर तिला त्या दिवशी परत उतरवायचं नाही आणि डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत सरावही नाही. अमेरिकेत सगळ्याच राज्यांत शालेय-किशोर खेळाडूंच्या डोक्याच्या इजेबद्दल कायदे आहेत. प्रशिक्षकाला ते माहीत असायलाच हवेत.

पंचांशी बोलायचं तर प्रशिक्षकाने टाइम मागून जावं, पालकांनी नाही. ‘धडक झाली, काहीतरी द्या’ म्हणून उपयोग नसतो. दुसऱ्या प्रसंगासारख्या वेळी विचारावं, ‘ऑब्स्ट्रक्शन दिलंत का, आणि रनरला कुठल्या बेसपर्यंत धरलंत?’ पहिल्यासारख्या वेळी, ‘धडकेच्या वेळी रनरचा पाय कुठल्या रंगावर होता?’ पंचांनी काय पाहिलं यावर प्रोटेस्ट (निर्णयाविरुद्ध रीतसर तक्रार) चालत नाही. पण त्यांनी जे पाहिलं म्हणून सांगितलं त्याला नियमच चुकीचा लावला असेल, तर प्रोटेस्ट करता येतो, मात्र पुढचा चेंडू टाकला जायच्या आत.